तिसरा वाडगा

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम कुठल्या शास्त्रात लिहिलाय ते मला ठाऊक नाही. पण आमच्या घरात त्याच्यावर शास्त्र नाही. शेजारून वाटीभर पिठलं आलं की ती वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी असायलाच हवं. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत एक स्टीलचा डबा गेली बावीस वर्षं आमच्या आणि जोतीरामच्या घरांमध्ये ये-जा करतोय. मुळात तो कुणाचा, हे आता दोन्ही घरांत कुणाला सांगता येत नाही. मी भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं, हजारो तुकड्यांचे मालक शोधून दिले. पण त्या डब्याचा उतारा काढायच्या फंदात कधी पडलो नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की या नियमापायी मी व्हिएतनाम नावाच्या परमुलखात, पासपोर्टची झेरॉक्स जोडून, एका वाडग्यासाठी रीतसर अर्ज केला होता.

आमची मुलगी सिद्धेश्वरी तिकडे हो चि मिन्ह सिटीत नोकरी करते. कागदोपत्री नाव ते. तिथली माणसं बोलताना सायगावच म्हणतात. ती राहते त्या भागाचं नाव थाओ दिएन. नदीच्या वळणात वसलेला हा भाग म्हणजे परदेशी लोकांचं माहेरघर. फ्रेंच, जर्मन, कोरियन, रशियन, सगळे इथं येऊन राहिलेत. एका गल्लीत पावाचं दुकान, कॉफीचं दुकान, पुन्हा कॉफीचं दुकान आणि कुत्र्यांचे केस कापायचं दुकान. जुने बंगले पाडून टॉवर उठताहेत, डोक्यावरून नवी मेट्रो जाते. आणि दोन टॉवरांच्या मधल्या बोळात एखादी म्हातारी चुलीवर काहीतरी ढवळत बसलेली असते. गेल्या मार्चमध्ये आम्ही नवरा-बायको महिनाभरासाठी तिथं गेलो. मी चनमल्लप्पा, आणि आमची ही, भुवनेश्वरी. ही अक्कलकोटकडची. रागावली की कानडीत जाते, आणि फार रागावली की गप्प बसते.

जाताना हिने दोन किलो शेंगाचटणी घेतली होती, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. शिवाय कडक भाकऱ्यांची चळत, खास त्यासाठी नवी पेठेतून आणलेल्या पत्र्याच्या डब्यात. जोतीराम तीन वर्षांपूर्वी यात्रा कंपनीबरोबर पाच दिवस सिंगापूरला जाऊन आलाय, त्यामुळे परदेश या विषयावर गल्लीत त्याचाच शब्द चालतो. त्याने बजावलं, "तिकडं सगळ्यात मांस असतंय बे. पाण्यात बी असंल. इचारल्याबिगर काय तोंडात घालू नको."

मी विचारायला लागलो, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला एक बाई हातगाडी लावायची. साठीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर शंकूसारखी टोपी. मोठं पातेलं, वाफ, आणि बालवाडीतल्या पोरांनी बसावं अशी बुटकी स्टुलं. पहिल्या दिवशी सकाळी फिरायला निघालो असताना मी सहज थांबून विचारलं, यात काय आहे? विचारलं म्हणजे हातवारे केले. कोंबडी आहे का म्हणून दोन्ही कोपरं पंखांसारखी हलवली. तिने मान डोलावली. मासा? तोही होता. मग मी गळ्यातल्या लिंगाला हात लावून, दोन्ही हात जोडून, आपल्याला यातलं काही चालत नाही असं सांगितलं. बाई खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी मी लांबून दिसताच तिनेच कोपरं हलवून दाखवली आणि स्टुलांवरची चार गिऱ्हाइकंही हसली. तिसऱ्या दिवशी तर त्यातल्या एकाने मला मासा करून दाखवला. ज्या माणसापुढे तालुक्याचे बागायतदार टोपी काढून उभे राहत, त्याची ही अवस्था. चौथ्या दिवसापासून मी पलीकडच्या फूटपाथवरून जायला लागलो.

सिद्धीने पहिल्याच दिवशी आम्हाला एक शब्द शिकवला होता. आभार मानायचे असले की म्हणायचं, 'काम ऊन'. लक्षात ठेवायला सोपा. काम आणि ऊन, सोलापुरात दोन्ही भरपूर. पण ठेवला लक्षात, तरी म्हणायचा कसा? आमच्याकडे आभार सभेत मानतात, तेही शेवटचा वक्ता, लोक चपला शोधत असताना. ओळखीच्या माणसाला आभार म्हणायचं म्हणजे त्याला परकं करायचं. सदतीस वर्षं मी हिच्या हातची भाकरी खाल्ली. 'आज मीठ जरा कमी पडलंय' यापलीकडे काही बोललो नाही. मीठ बरोबर असेल त्या दिवशी गप्प बसायचो. त्यातून हिने काय ते समजून घ्यायचं.

शेवटच्या आठवड्यात सिद्धीला ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस हनोईला जावं लागलं. ती सोमवारी पहाटे गेली आणि सकाळी हिला ताप भरला. साधासुधा नव्हे; हात लावला तर चटका बसावा असा. ही कधी आजारी पडत नाही. म्हणजे पडत असेल, पण आजपर्यंत मला कळलं नव्हतं. "पाणी द्या जरा गरम," म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या शेगडीला ना कान ना खटका, नुसती काळी काच आणि तिच्यावर परक्या लिपीतल्या खुणा. मी सगळ्या खुणा दाबल्या. शेगडी शिट्ट्या मारायला लागली आणि लहान मुलांसाठी असलेलं कुलूप लागून बसली.

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. त्या चकाचक स्वयंपाकघरात उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, की ही नसली तर मला कोमट पाणीसुद्धा मिळणार नाही. अनवाणी खाली धावलो, रस्त्यात कुणाला तरी विचारून औषधाचं दुकान गाठलं, गोळ्या आणल्या. सिद्धीने फोनवरून डॉक्टर पाठवला. तो म्हणाला, साधा ताप आहे, तीन दिवसांत उतरेल, हलकं काहीतरी खायला द्या. हलकं काहीतरी कुठून आणायचं, ते काही त्याने सांगितलं नाही. घरात होती कडक भाकरी, जी खायला निरोगी माणसाचेही दात लागतात.

अकरा वाजता बेल वाजली. मी हिच्या कपाळावरची पट्टी बदलत होतो. दार उघडेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. दाराबाहेर चपलांच्या मांडणीवर एक वाडगा, वर ताटली झाकलेली. चिनी मातीचा पांढरा वाडगा, बाहेरून त्यावर निळा कोंबडा रंगवलेला. कोंबडा बघून मी आधी ताटली उचललीच नाही. पण आत होती नुसती तांदळाची पेज. आपल्या गुरगुट्या भाताहून पातळ, मीठ घातलेली, आल्याचा जरासा वास. मी आधी बोट बुडवून चाटून पाहिलं. कोंबडा बाहेरच होता.

हिने सहा चमचे खाल्ले आणि तिला झोप लागली. मी तिच्या उशाशी बसून उरलेली पेज खाल्ली. खाता खाता मला रडू आलं. ज्या गावात मला कुत्रंही ओळखत नाही, तिथं कुणीतरी आपल्या दारात गरम पेज आणून ठेवली, याला काय म्हणायचं?

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी पुन्हा तेच. मी आदला वाडगा घासून-पुसून मांडणीवर ठेवत असे. नवा आला की जुना गेलेला असे. माणूस मात्र एकदाही दिसला नाही. बुधवारी संध्याकाळी ताप उतरला, सिद्धी परतली. गुरुवारी वाडगा आला नाही. तिसरा वाडगा, निळ्या कोंबड्यासकट, आमच्या ओट्यावर राहिला.

गुरुवारी सकाळी ही उठून बसली आणि पहिला प्रश्न तिने विचारला तो असा, "आदीचे दोन वाडगे परत देताना काय घातलाव त्यात?"

मी म्हटलं, "काय घालणार? ठेवले बाहेर."

"रिकामे?"

मी मान डोलावली.

"अय्यो शिवने! रिकामे ठेवलाव?" ताप पुन्हा चढतोय की काय असं मला वाटलं. "माजा जीव वाचवला त्या मानसानं, आन् तुमी रिकामं भांडं दिलाव? एकदा न्हाय, दोनदा?" मग ती बराच वेळ काहीच बोलली नाही. शेवटी म्हणाली, "हा तिसरा मी माज्या हातानं भरून देनार. मानूस हुडका. न्हायतर रविवारी मी विमानात बसनार न्हाय."

सिद्धी म्हणाली, "अव्वा, असं काय करतेस? मी देईन नंतर शोधून."

"ताप तुला आलता की मला?" हिने विचारलं.

मी मात्र मनातून खूश झालो. मालक शोधणे हे माझं आयुष्यभराचं काम. चार दिवस, एक इमारत, एक वाडगा. यात अवघड ते काय? मी कागद घेतला आणि तर्क मांडला. इमारतीत वर यायचं तर कार्ड लागतं. अर्थात पेज देणारा इमारतीतलाच असणार, फ्लॅटधारक असणार आणि सुसंस्कृत असणार. सिद्धीला तर्क पटला. हिने तो ऐकलाच नाही, ती वाडग्यात चटणी भरत होती. वर माझा सोलापुरी नॅपकिन झाकून तिने वाडगा माझ्या हातात दिला.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन राहतो. सहा फूट उंच, दंड माझ्या मांडीएवढे. मी नॅपकिन काढून वाडगा पुढे केला आणि माझ्या इंग्रजीत विचारलं, हा तुमचा का? तो म्हणाला, नाही. पण हे आत काय आहे? शेंगदाणे म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. घरात बोलावून त्याने तीन मोठे चमचे चटणी दुधाच्या पेल्यात घातली, ढवळली आणि माझ्यादेखत गटागटा पिऊन टाकली. ताकदीसाठी म्हणे. मग तो लाल झाला, नळाला तोंड लावून आला आणि म्हणाला, फार उत्तम आहे, आणखी मिळेल का? निघताना त्याने मला मुरंब्याची बरणी दिली. काचेची, झाकणाची, परत करावी लागेल अशी.

तळमजल्यावर एक कोरियन आजीबाई. त्यांनी वाकून नमस्कार केला, मी वाकलो, त्या पुन्हा वाकल्या. वाडगा त्यांचा नव्हता. पण मी भांडं पुढे केलंय म्हणजे काही द्यायला आलोय असं समजून त्यांनी दोन्ही हातांनी निम्मी चटणी काढून घेतली आणि आतून मुळ्याच्या लोणच्याचा एक डबा आणून माझ्या हातावर ठेवला. बाई आमच्यासारखीच निघाली. नवव्या मजल्यावरच्या रशियन बाई योगासनं शिकवतात. त्यांनी मला जमिनीवर मांडी घालून बसायला लावलं आणि माझी मांडी चुकीची असल्याचं सांगितलं. मी साठ वर्षं अशीच मांडी घालून जेवतोय हे त्यांना पटलं नाही. वाडगा त्यांचाही नव्हता. त्यांनी चटणी चाखली, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि मला आंबवलेल्या चहाची बाटली दिली.

संध्याकाळी हिने ओट्यावर नजर टाकली. एक भांडं परत करायला निघालेल्या नवऱ्याने तीन नवी आणली होती.

"आता ही बी भरून द्यावी लागतील की," ती म्हणाली. चटणी निम्म्यावर आली होती.

शुक्रवारी जोतीरामने सोलापुरातून व्हिडिओ कॉलवर सल्ला दिला. "ग्रुपवर फोटो टाक की बे. आमी सिंगापुरात चश्मा हरवल्यावर तसंच केलतं."

"सापडला का चष्मा?"

"न्हाय. पन लई लोकांनी अंगठा दिला."

सिद्धीने थाओ दिएनच्या रहिवाशांच्या ग्रुपवर फोटो टाकला. भरलेल्या वाडग्याचा, हीच चूक झाली. तोवर जर्मनाने तिथंच लिहून ठेवलं होतं, की एक भारतीय गृहस्थ घरोघर फिरून अद्भुत शेंगदाणा-पूड वाटत आहेत. दुपारपर्यंत वाडग्यावर अकरा जणांनी मालकी सांगितली. दोघं तर स्वतःचे चमचे घेऊन दारात उभे. एकाने शपथेवर सांगितलं, की त्याच्या आजीचा वाडगा अगदी असाच होता. आजी कॅनडात असते.

खोटे दावेदार मी नोकरीत खूप पाहिलेत. मी दिवाणखान्यात टेबल लावलं आणि एकेकाला आत घेऊन विचारायला सुरुवात केली: वाडगा कोणत्या वारी दिलात, किती वाजता, आत काय होतं? कुणी सांगितलं सूप, कुणी सांगितलं सॅलड. एका तरुण इंग्रजी मास्तराने सरळ सांगितलं, "सर, वाडगा माझा नाही, मला फक्त चटणी पाहिजे." खरं बोलला म्हणून हिने त्याला वाटीभर दिली. बाकीच्यांनाही ही चिमूट चिमूट देतच होती, दारातून कुणाला रिकामं कसं पाठवायचं म्हणून. संध्याकाळी चटणीच्या डब्याचा तळ दिसायला लागला आणि वाडग्याचा मालक होता तिथंच राहिला.

शनिवारी मी कायदेशीर मार्ग धरला. इमारतीच्या दारावर एक वयस्क पहारेकरी असतो आणि त्याच्यापुढे भलंमोठं रजिस्टर. येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद तिथं असणारच. मी त्याला रजिस्टर मागितलं. त्याने छातीशी धरलं. मी ओढलं, त्यानेही ओढलं. शेवटी त्याने मला व्यवस्थापकाच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथल्या टापटीप मुलीने गोड हसून सांगितलं, की रजिस्टर गोपनीय आहे, बघायचं असेल तर लेखी अर्ज करावा, दोन भाषांत, सोबत पासपोर्टची प्रत. मला ते इतकं आवडलं म्हणून सांगू! महिनाभरात पहिल्यांदा एका ओळखीच्या देशात आल्यासारखं वाटलं. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, सगळं घालून. सिद्धीने फोनवरून भाषांतर काढलं. मुलीने शिक्का मारला, पोच दिली आणि म्हणाली, "कामाच्या सात दिवसांत कळवू."

"पण आमचं विमान उद्या आहे."

"मग सोमवारी या," ती म्हणाली.

मी हेच वाक्य चौतीस वर्षं लोकांना ऐकवत आलो होतो. कुणीकुणी नातेपुत्याहून एस.टी.ने आलेलं असे, भाकरी बांधून. ते ऐकल्यावर माणसाला कसं वाटतं, हे मला त्या दिवशी प्रथम समजलं. मी पोच घडी करून खिशात घातली आणि वर आलो.

रविवारी सकाळी बॅगा भरून झाल्या. तिन्ही शेजाऱ्यांची भांडी हिने साखर, गूळ, फुटाणे घालून परत पाठवली होती. कोंबड्याचा वाडगा तेवढा ओट्यावर. ही त्याच्यापुढे खुर्ची घेऊन बसली होती, पायांत चप्पल नाही, अंगावर प्रवासाचं लुगडं नाही. विमान तीनला. सिद्धी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अगं, तीन दिवस हुडकलं. इमारतीत एक दार सोडलं नाही."

ही शांतपणे म्हणाली, "एक सांगा. मला ताप हाय हे त्या मानसाला कळलं कसं?"

तीन दिवस मी वाडगा कुणाचा ते विचारत होतो. हे मला सुचलंच नव्हतं.

"त्या दिवशी औषदाचं दुकान कुनाला इचारलाव?"

आणि मग मला आठवलं. अनवाणी, हातवारे करत, कोपऱ्यावर. कपाळाला हात लावून, मान टाकून, जीभ बाहेर काढून मी तिला ताप करून दाखवला होता. ती हसली नव्हती. पातेल्यावरचा पळा टाकून ती माझा दंड धरून मला औषधाच्या दुकानापर्यंत घेऊन गेली होती. मी गोळ्या घेऊन तिच्या अंगावरूनच पळत परत आलो. तिला एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून खिडकीबाहेरही पाहिलं नाही. आणि मालक शोधताना फ्लॅटधारक, सुसंस्कृत वगैरे लिहून काढलं. मला माझीच लाज वाटली.

"गाडीवाली," मी म्हटलं. "कोपऱ्यावरची. मी काय खात नाही ते या गावात फक्त तिलाच ठाऊक आहे."

तिघंही खाली धावलो. कोपऱ्यावर गाडी नव्हती. प्लॉटला पत्र्याचं कुंपण पडलं होतं आणि पत्र्यावर तीस मजल्यांच्या टॉवरचं चित्र. खाली एक हसरं कुटुंब, ज्यांच्यासारखं त्या गल्लीत कुणी दिसत नाही. बुधवारी संध्याकाळी कुंपण घातलं, समोरच्या कॉफीवाल्याने सांगितलं. बाई कुठं गेली, त्याला माहीत नव्हतं.

मी पत्र्याकडे बघत उभा राहिलो. ही मात्र वळली, सरळ पहारेकऱ्याकडे गेली आणि वाडग्यावरचा नॅपकिन काढून तिने त्याला कोंबडा दाखवला.

म्हातारा उठून उभाच राहिला. "को साउ! को साउ!" म्हणाला. सिद्धीने विचारलं तेव्हा कळलं, को साउ म्हणजे सहावी मावशी. कोपऱ्यावरच्या बाईला सगळे तसंच म्हणतात. हा रोज तिच्याकडेच खातो. यानेच तिला तीन दिवस वर सोडलं होतं. मी त्याला तीन दिवस वाडगा दाखवलाच नव्हता, मागितलं ते नुसतं रजिस्टर. वाडगा नॅपकिनखाली होता.

त्याने तिच्या घरचा पत्ता लिहून सिद्धीच्या हातावर चिठ्ठी ठेवली. वर एका रस्त्याचं नाव, खाली आकडा: १८९/१२/५/२.

टॅक्सीवाल्याने आम्हाला नदीपलीकडच्या जुन्या वस्तीच्या तोंडाशी सोडलं. पुढे गाडी जाणार नाही म्हणाला. बोळ सुरू झाले. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं असे. सिद्धीच्या फोनवरचा निळा ठिपका जागच्या जागी गरगरायला लागला. "अप्पा, मॅप चालत नाही. आता?"

मी चिठ्ठी घेतली. अशा तिरप्या रेघांच्या आकड्यांत माझं आयुष्य गेलंय. मूळ गट १८९, त्याचा पोटहिस्सा १२, त्याचा पुन्हा तुकडा ५, त्यातलं घर २. भावाभावांत वाटण्या होत गेलेल्या जमिनीसारखीच ही वस्ती आहे. "माझ्यामागून या," मी म्हटलं. महिनाभरात असं म्हणायची ही पहिलीच वेळ. मोठ्या बोळातून बारावा फाटा, त्यातून पाचवा, तिथून डावीकडे दुसरं दार. एकदाही चुकलो नाही. मी मागे वळून पाहिलं. ही दोन्ही हातांत वाडगा धरून माझ्यामागून येत होती आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं.

दारातच पातेलं, वाफ, बुटकी स्टुलं. को साउने मान वर केली, मला पाहिलं आणि कोपरं हलवली. बोळातली सगळी माणसं हसली. माझ्याकडे तेव्हा राखायला मानच उरला नव्हता. मीही कोपरं हलवली, जोरजोरात. हसणं आणखी वाढलं. मग तिने हिला पाहिलं. हात पुसून ती पुढे आली आणि हिच्या कपाळाला तळवा लावला. ताप नाही असं पाहून मान डोलावली. हिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हिने वाडगा पुढे केला. डब्याच्या तळाची सगळी चटणी, गुळाचा खडा आणि माझ्या प्रवासासाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या दोन कडक भाकऱ्या. को साउने बोटाने चटणी चाखली, 'हा' करून तोंडाला वारा घातला आणि पुन्हा चाखली. मग चटणी एका बरणीत काढली, वाडगा खळकन विसळला, त्यात पेज भरली आणि स्कूटरवर खोळंबलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली. ज्याच्यासाठी मी अकरा जणांच्या जबान्या घेतल्या, तो वाडगा अर्ध्या मिनिटात कामाला लागला.

मी घसा साफ केला. "काम ऊन," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा कळलं. ती मान खाली घालून काहीतरी भराभर बोलली आणि सिद्धीने सांगितलं, "अप्पा, ती म्हणते, लोक वाडगे खरकटेच ठेवतात. तुमच्या दारातले दोन्ही वाडगे लख्ख घासून पुसून ठेवलेले होते. तिला वाटलं, या आजारी बाईचा नवरा हसण्यासारखा असला तरी चांगला आहे. मग त्या लख्ख वाडग्यांतूनच काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं, म्हणते."

हिने माझ्याकडे वळून पाहिलं. सदतीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

"भांडी घासता येतात व्हय तुमास्नी?" ती म्हणाली.

विमान मिळालं. सोलापुरात आल्यापासून दोन्ही वेळची भांडी माझ्याकडे आहेत. जोतीराम येता-जाता बघतो आणि म्हणतो, परदेशात गेल्यावर मानूस बिगडतो ते खोटं न्हाय बे. त्याचा स्टीलचा डबा परवा मीच घासून, आत फुटाणे घालून परत दिला.

आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात जेवायला बसलो. हिने तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली, वर शेंगाचटणी वाढली. मी एक घास खाल्ला. मीठ अगदी बरोबर होतं. नेहमीसारखं गप्प बसावं असं वाटलं. पण कपाळावर ओली पट्टी ठेवून पडलेली ही मला दिसायला लागली, आणि ती शिट्ट्या मारणारी शेगडी.

"काम ऊन," मी ताटाकडे बघत म्हटलं.

हिचा भाकरी थापायचा हात थांबला. तिने पिठाचा हात पदराला पुसला, माझ्याजवळ आली आणि माझ्या कपाळाला तळवा लावून बराच वेळ तसाच ठेवला.

"ताप तर न्हाय की," ती म्हणाली, आणि हात काही काढला नाही.